काजऱ्याचं फळ

जनावरांना एकमेकांचं बोलणं कळत होतं, त्या काळी एका ओढ्याकाठी मऊ मातीची दरड होती. ज्याला जे ठाऊक असे, ते तो तिथं नखानं नाहीतर चोचीनं कोरून ठेवी.

जंगलाच्या जुन्या गोष्टी जपणाऱ्या कासवआजोबांना आणि पिल्लांना शिकवणाऱ्या साळुंकीला ही दरड मुळीच आवडत नसे. "कोणीही यावं अन् कोरून जावं! पिल्लांनो, तिकडं बघू नका," असं दोघं सांगत. पिल्लं बघतच.

एका सकाळी आजोबांनी दरडीवर धनेश पक्ष्यानं कोरलेलं वाचलं, 'काजऱ्याचं फळ खावं.' धनेश गर खाऊन बी टाकून देतो. बी विषारी असते, हे त्यानं कोरलंच नव्हतं.

"अहो आजोबा, हरणीचं पाडस हे वाचून आत्ताच काजऱ्याच्या झाडाकडं पळालं!" साळुंकी म्हणाली.

"मग उड की बाई! बी चावू नको म्हणावं त्याला!"

साळुंकी उडाली. आजोबाही निघाले, पण वाटेतलं टेकाड काही सरेना. पाडसाची आई समोर आली तर काय सांगावं, हाच विचार त्यांच्या मनात घोळत होता.

अखेर साळुंकी पाडसाला घेऊन आली. तिचं ऐकून त्यानं तोंडातलं फळ थुंकून टाकलं होतं.

"आजोबा, तुम्हाला ठाऊक होतं, तर तुम्ही का नाही कोरलंत?" पाडसानं विचारलं.

आजोबा दरडीपाशी परतले आणि धनेशाच्या ओळीखाली 'पण बी चावू नये' असं कोरू लागले.

"अक्षर वाकडं येतंय हो," साळुंकी म्हणाली.

"पिल्लांना वाचता येईल ना?" आजोबांनी विचारलं.