मातीच्या गड्याची बोंब

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याची वेस कुठे होती हे आज कुणाला दाखवता यायचं नाही. जावा नावाच्या भाषेत यंत्राला आज्ञा लिहिणाऱ्या पोरापोरींनी जरा पुढे सरकून बसावं, कारण गोष्ट त्यांच्या धंद्याची आहे. बाकीच्यांनी असाल तिथूनच ऐका. तुमच्याही घरात कुणीतरी कुणाचं तरी तोंड दाबून ठेवलेलं असेलच.

तर त्या राज्यात मातीचे गडी होते. भाजलेल्या मातीचे, माणसाएवढे उंच. त्यांना भूक नव्हती, झोप नव्हती आणि अक्कलही नव्हती. छातीत एक कोनाडा असायचा. त्यात ताडपत्र ठेवलं, की त्यावर लिहिलेलं गडी करायचा. जास्त नाही, कमी नाही. ‘पाणी भर’ असं लिहिलं आणि ‘रांजण भरला की थांब’ लिहायचं राहिलं, तर घर वाहून जाईस्तोवर पाणी भरत राहायचा.

ही पत्रं लिहिणाऱ्यांना आज्ञाकार म्हणत. एका गावात लिहिलेलं पत्र कुठल्याही गावच्या गड्याच्या छातीत ठेवा, तो तसाच चालायचा. त्या राज्याला याचा केवढा ताठा! एकदा लिहा, नकला काढा, गावोगाव पाठवा.

आणि गडी अडला की बोंब मारायचा.

ही नुसती बोंब नसे. काय बिघडलं, कुठे बिघडलं, आपल्याला तिथे कुणी पाठवलं, त्या पाठवणाऱ्याला कुणी पाठवलं, असं सगळं राजवाड्याच्या दारापर्यंत सांगायचा. पहिल्या दोन शब्दांनंतरच लोक कानात बोटं घालायचे. खरं कारण बहुधा मधेच कुठेतरी असायचं, आणि तिथवर ऐकत बसायला आज्ञाकाराशिवाय कुणाला धीर नसायचा.

रखमाजी हा राजधानीतला नावाजलेला आज्ञाकार. अक्षर मोत्यासारखं, डोकं चलाख. बायको लवकर गेली होती. ठकू नावाची एकच लेक. ती त्यानं आज्ञा लिहिता लिहिता मांडीवर वाढवली आणि पेवांच्या गावात दिली. जावई हैबती मनमोकळा, हसरा माणूस. त्या गावात सगळ्या मुलखाचं धान्य जमिनीखाली पेवांत भरून ठेवत. अरुंद तोंडाचे, आत फुगत गेलेले खोल खड्डे. वर शिळेचं झाकण, झाकणाला भोक. पाणी मुरलं की आतलं धान्य सडतं, हवा विषारी होते, आणि माणूस आत उतरला की परत येत नाही. म्हणून त्या गावची रीत होती. आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा जळत राहिला तर उतरायचं, विझला तर दूर व्हायचं.

हे कामही पुढे मातीच्या गड्यावर सोपवलं गेलं. फेरी मार, भोकातून दिवा सोड, विझला तर बोंब मार, फेरी संपली की म्हण, ‘सगळं ठीक आहे.’ हे पत्र राजाच्या कोठारासाठी रखमाजीनंच लिहिलं होतं. राजधानीत ते पारखायचं आणि मग गावोगावच्या पेवांवर नकला जायच्या. लेक नांदत होती त्या गावीसुद्धा.

दसरा तोंडावर आला. राजा पाहुण्यांना घेऊन कोठार दाखवणार होता. आदल्या आठवड्यात रंगीत तालीम झाली, आणि राणीसाहेबांच्या समोर गड्यानं बोंब ठोकली. कारण काय, तर नमुन्याचे दाणे पाखडायला पत्रात लिहिलं होतं ‘कोपऱ्यातलं सूप घे’, आणि कोपऱ्यात सूप नव्हतं. गड्यानं रिकाम्या जागी हात घातला, मूठ मिटली, मुठीत काही नाही, झालं! राणीसाहेबांच्या हातातलं तबक पडलं.

कारभारी रखमाजीच्या अंगावर धावून आला. “दसऱ्याला हे ध्यान पाहुण्यांसमोर बोंबललं तर बघ. मडकी वळायला पाठवीन तुला!”

“साहेब, सूप कोण उचलतं ते शोधावं लागेल. कधी असतं, कधी नसतं. दोन गडी एकाच सुपाला हात घालतात असं वाटतंय मला. वेळ लागेल.”

“मला सूप नको, शोध नको. शांतता पाहिजे!”

रखमाजीनं शोधलं. खरंच शोधलं, खोटं कशाला बोलू? पण तो शेजारी उभा राहिला की सूप जागेवर, आणि पाठ वळली की गायब. डोकं धरून बसला बिचारा. शेवटी त्यानं कोरणी घेतली आणि पत्राच्या वरच्या अंगाला एक ओळ कोरली: ‘कशानंही अडलास तरी गप्प बस आणि पुढचं काम कर.’

नुसतं सुपापुरतं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण सुपापुरतं लिहायला विचार करावा लागतो, ‘कशानंही’ लिहायला काही लागत नाही.

त्याला अक्षर शिकवलेली सखूआत्या शेजारच्याच ओसरीवर बसायची. म्हातारी झाली होती, पण नजर घारीची. ओळ वाचून ती उभीच राहिली.

“हे काय लिहिलंस रे?”

“अगं आत्या, दसऱ्यापुरतं. दसरा झाला की खरवडून टाकीन.”

“पोर रडायला लागलं की त्याच्या तोंडात बोळा कोंबतोस का तू? ते का रडतंय ते बघतोस ना? ठकूला असाच वाढवलास?”

“ठकूचं नाव कशाला मधे आणतेस? एका सणाचा प्रश्न आहे.”

“मेल्या, सणापुरतं म्हणून लिहिलेलं आजवर कुणी खरवडलेलं मी पाहिलं नाही!” आत्यानं आपली कोरणी कनवटीला खोचली. “माझ्या हाताखाली शिकलास हे चारचौघांत सांगत जाऊ नकोस. मला लाज वाटेल.”

दसरा झोकात पार पडला. गडी शांतपणे फिरला, सूप नव्हतं तिथे हवा पाखडून पुढे गेला, आणि शेवटी खणखणीत म्हणाला, “सगळं ठीक आहे.” पाहुण्यांनी माना डोलावल्या. कारभाऱ्यानं रखमाजीच्या खांद्यावर शेला घातला.

दुसऱ्या दिवशी खरवडायला म्हणून रखमाजी निघाला, तर वाटेत दुसरं काम आलं. मग तिसरं. मग नकलकारांनी ते पत्र उचललं, कारण ते आता पारखलेलं होतं, शेला मिळालेलं होतं. नकला गावोगाव गेल्या. इतर आज्ञाकारांनी ती ओळ उचलून आपल्या पत्रांत घातली, पाणवठ्याच्या, भट्टीच्या, पुलाच्या. गावोगावी सामसूम झाली. लोक म्हणाले, काय सुधारलंय हो राज्य!

रखमाजीच्या मनात ती ओळ दाताखालच्या खड्यासारखी होती. सुरुवातीला लागायची. मग त्यानं त्या बाजूनं चावणं सोडलं.

एक अख्खा पावसाळा गेला, आणि दिवाळीला ठकू माहेरी आली. “बाबा, आमच्या गावचा गडी केवढा गुणी झालाय हो! पूर्वी पावसाळ्यात नुसता ओरडायचा. सासूबाई म्हणतात, तुझ्या बापाच्या हातात जादू आहे.”

रखमाजीच्या हातातला घास थांबला. पावसाळ्यात ओरडायचा, म्हणजे पाणी मुरायचं तेव्हा ओरडायचा. हे त्याला त्याच क्षणी कळलं. तेव्हा बोलला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि मलाही पुढचं सांगावं लागलं नसतं. पण लेकीचे डोळे कौतुकानं चमकत होते.

“शहाणा केलाय त्याला,” तो म्हणाला, आणि त्यानं घास गिळला.

पुढच्या वर्षी पाऊस फिरकला नाही. विहिरींचे तळ दिसले. पेवांच्या गावानं राखीव पेव उघडायचं ठरवलं. त्याच सुमारास ठकूला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून रखमाजी तिला न्यायला गेला, आणि नेमका पेव फोडायच्या दिवशीच तिथे पोचला.

सगळं गाव पेवाभोवती जमलं होतं. बायकांच्या हातात रिकाम्या टोपल्या, कडेवर वाळलेली पोरं. मातीचा गडी फेरी संपवून आला आणि म्हणाला, “सगळं ठीक आहे.”

शिळा सरकवली. हैबतीनं कमरेला दोर बांधला.

एक म्हातारा पुढे झाला. “हैबत्या, दिवा सोड आधी. रीत आहे आपली.”

“अहो आबा, गडी फेरीफेरीला दिवा सोडतोच की! बोंब मारली का त्यानं? नाही ना? मग?”

रखमाजी दोन पावलं पुढे झाला. पेव उंचावर आहे, त्यानं मनाशी म्हटलं. कोरडंच असेल. इथे पाणी कसं मुरेल? त्यानं घसा खाकरला. “जावईबापू, सोडा की दिवा. सोडायला काय जातंय?”

हैबती मोठ्यांदा हसला. “ऐका! मामा, पत्र तुमच्या हातचं, आणि तुमचाच त्याच्यावर भरवसा नाही? आम्ही तर गावभर सांगतो, आमच्या सासऱ्याचं पत्र म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!”

लोक हसले. व्याही हसले. ठकू पदराआडून हसली आणि बापाकडे अभिमानानं बघत राहिली.

त्या वेळी रखमाजीला फक्त एवढं म्हणायचं होतं: ‘ते पत्र खोटं आहे.’ पण खांद्यावरचा शेला जाणवला, व्याह्यांच्या नजरा दिसल्या, लेकीचा चेहरा दिसला. तो अडला. अडला आणि गप्प बसला. लोकांबरोबर तोही हसला.

हैबती उतरला. दोर सरसर गेला, मग सैल पडला.

“दादा?” वरून धाकट्या भावानं हाक मारली. उत्तर नाही. “अरे दादा!” आणि कुणी धरायच्या आत तोही दोर पकडून खाली गेला. तोही आला नाही.

मग कुणीतरी दिवा सोडला. हातभर खाली गेला आणि विझला.

दोघांना आकड्यांनी वर काढलं तेव्हा त्यांच्या अंगाला धान्य चिकटलेलं होतं. काळं, चिकट, आंबलेलं. गावानं वास घेतला आणि ओळखलं, की त्या पेवात आता दाणा नाही, आणि त्याच गड्यानं राखलेल्या दुसऱ्या पेवांतही नसणार. बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या.

रखमाजी मातीच्या गड्याकडे धावला. त्याचे खांदे धरून हलवू लागला. “दिवा सोडला होतास?”

“सोडला होता.”

“विझला होता?”

“विझला होता.”

“कधीपासून, रे कधीपासून?”

“गेल्या पावसाळ्यापासून. प्रत्येक फेरीला.”

“मग मुडद्या, ओरडला का नाहीस!”

मातीच्या चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही. “वरच्या अंगाला लिहिलं आहे, कशानंही अडलास तरी गप्प बस. बसलो. शेवटी लिहिलं आहे, सगळं ठीक आहे म्हण. म्हणालो.”

मागे ठकू उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, की तिनं बापाला शिव्याशाप दिले नाहीत. तिनं गड्याच्या कोनाड्यातून ताडपत्र ओढून काढलं आणि ती ओळ वाचली. अक्षर ओळखीचं होतं. त्याच अक्षरावर बोट ठेवून ती वाचायला शिकली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्हाला ठाऊक होतं?”

रखमाजीनं तोंड उघडलं. मग मिटलं.

“आता बोला की! आत्ता तरी बोला!”

तो बोलला नाही. ठकू वळली आणि नवऱ्याच्या प्रेताशी जाऊन बसली. बाळंतपणाला ती माहेरी गेली नाही. पुढे कधीच गेली नाही.

रखमाजीनं शेला पेवाच्या कडेला टाकला आणि गावोगाव हिंडायला लागला. गडी दिसला की पत्र काढायचा, ओळ खरवडायचा. पण नकलांच्या नकला निघाल्या होत्या. कुठे किती, कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ओळ खरवडली, की इतके दिवस गप्प बसलेला गडी एकदम बोंबलायला लागायचा. पूल खचलाय, भट्टी तडकलीय, बांध पाझरतोय! हे ऐकून लोकांनी त्याचे आभार मानले असतील असं वाटतंय का तुम्हाला? लोकांनी दगड मारले. “चांगला शांत गडी बिघडवलास थेरड्या!” म्हणाले. सखूआत्याकडे जाऊन तिचे पाय धरावेत असं त्याला पुष्कळदा वाटलं. पण ती कधीच मेली होती.

राजधानीत बोंबांचा आवाज पोचला. राजाची झोप मोडली. कारभाऱ्यानं एका नव्या, हुशार आज्ञाकाराला बोलावलं. त्याचंही अक्षर मोत्यासारखं होतं.

“मला शोध नको,” कारभारी म्हणाला. “शांतता पाहिजे.”

आणि पेवांच्या गावात ठकू, पाठीला तान्हं बांधून, एकेका पेवाच्या भोकातून स्वतःच्या हातानं दिवा सोडत फिरते. कुणी म्हणालं, ‘गड्याला सांग की’, तर ती पुढच्या पेवाकडे वळते. विझलेली वात वर ओढते आणि गावाला ऐकू जाईल अशी ओरडते.

म्हणून, एरर, म्हणजे यंत्राची बोंब, पकडून, तिचं काय करायचं ते कंसात न लिहिताच कंस मिटवून, समाधानानं घरी जाणाऱ्या लेकरांनो, आणि तशीच घरं चालवणाऱ्या तुम्ही बाकीच्यांनो, एवढं लक्षात ठेवा:

बिघाडाचं तोंड बांधलं म्हणून बिघाड मरत नाही. तो अंधारात वाढतो, आणि तोंड बांधणाऱ्याला सोडून त्याच्यावर विसंबणाऱ्याचा जीव घेतो.