सरळ रेघ

“मग उद्या दीक्षा देताय न्हवं, बुवा?”

श्रीपतीनं केदारबुवांना विचारलं. ते मठाच्या जुन्या मोटारीकडे बघत होते. मोटार जागेवरच काळा धूर ओकत होती.

श्रीपतीनं गडहिंग्लजचं चालतं गॅरेज सोडून मठ धरला होता. उद्याच्या दीक्षेत त्याचा सगळा जीव अडकला होता. बाकी साऱ्यातून आपण सुटलो, असं मात्र तो येईल त्याला सांगायचा.

“सकाळी आई आली,” बिघाड दाखवणाऱ्या स्कॅनरची वायर मोटारीला जोडत तो म्हणाला. “पायरीवर बसून रडली. घरी चल म्हणाली. मी आसनावरनं हललो न्हाई. आत कायसुद्धा झालं न्हाई, बुवा.”

“कायसुद्धा?”

“कायसुद्धा.” हे सांगताना स्वारीची छाती चांगलीच फुगली होती.

बुवांनी मोटारीवर हात ठेवला. “हिला काय झालंय?”

आता प्रश्न त्याच्या हातातला होता. त्यानं वायरिंग तपासलं. सायलेन्सरच्या नळीचे सांधे बघितले. कुठं गळती नव्हती. मग ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. इंजिन गुरगुरलं, पण स्कॅनरच्या पडद्यावरची रेघ काही जागची हलली नाही.

“ऑक्सिजन सेन्सर गेलाय. धुरात ऑक्सिजन किती उरला, ते ह्यो सांगतो. त्यावरनं इंजिन पेट्रोल कमीजास्त करतं.”

बुवांनी स्कॅनर हातात घेतला. “रेघ तर सरळ आहे. किती शांत दिसते…”

श्रीपतीला हसू आवरेना. “तीच तर खोट, बुवा! चांगल्या सेन्सरची रेघ सारखी खालीवर व्हते. जरा दम घेत न्हाई. ती सरळ झाली म्हंजे…”

“म्हंजे?”

“…मेला.”

इंजिन चालूच होतं. श्रीपतीनं हात लांबवून ते बंद केलं. त्याला एकाएकी लाज वाटली, आणि पाठोपाठ भीतीही.

त्यानं विचारलं, “बुवा… उद्याचं?”

बुवांनी स्कॅनर बोनेटवर ठेवला आणि मठाच्या धर्मशाळेकडे बोट केलं.

“तुझी आई अजून गेलेली नाही, तिथं बसलीय. जेवली का, विचारून ये.”