अख्खा रावस

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. त्या गावात निळू नावाचा एक हुशार माणूस मोबाइलची ॲप बनवत असे. हुशार म्हणजे किती? तर स्वतःच्या हुशारीपुढे त्याला दुसरं काही दिसतच नसे.

गावातल्या होड्या वाऱ्याचा रोख बघून कधी अलीकडच्या धक्क्याला लागत, कधी खाडीपलीकडच्या. आज कुठे लागणार, हा निरोप मोबाइलवर येई आणि कोळणी पाट्या घेऊन तिकडे धावत. निरोप चुकला, तर सगळी मासळी दलाल उचलून नेत. आणि एके सकाळी काय झालं, ज्या कंपनीच्या ॲपवर हे निरोप चालत, तिने गाशाच गुंडाळला! बाया या काठाला, होड्या त्या काठाला. तीन दिवस पाट्या रिकाम्या राहिल्या.

कोळणींची म्होरकी हिरूमावशी निळूच्या दारात आली. म्हणाली, "काहीतरी कर रे बाबा. चुली थंड पडतील आमच्या."

"काळजीच सोडा, मावशी," निळू म्हणाला. "निरोप धाडायची एक खुली पद्धत आहे. तिचे नियम जगाला उघड आहेत, तिला मालक कुणी नाही. कुणीही त्यावर आपलं ॲप बनवावं. या ॲपवरचा निरोप त्या ॲपवर बरोबर पोहोचतो. समुद्रच समजा ना! त्याला कुणी कुलूप लावू शकत नाही."

आठ दिवसांत ॲप तयार झालं. बायांनी हौसेने उघडलं. पहिलाच प्रश्न आला, 'सर्व्हर निवडा.' मग 'गुप्त किल्ली जपून ठेवा.' मग बारा इंग्रजी शब्द आले, तेही ओळीने लिहून घ्यायचे. एकेकीने मोबाइल कमरेला खोचला आणि चालू लागली.

निळूचं डोकंच फिरलं. "नियम सगळे लिहून ठेवलेत की! वाचा, शिका. फुकट मिळालं की किंमत नसते माणसाला!"

हिरूमावशीने पदर खोचला. तिने पदर खोचला की समजावं, काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी निळू बाजारात रावस घ्यायला गेला. मावशीने अख्खा मासा, खवल्यांसकट, त्याच्या पिशवीत घातला.

"अहो, साफ नाही केलात?"

"समुद्र खुला आहे की. मासा कसा कापायचा तेही जगाला उघड आहे," मावशी म्हणाली. "शीक!"

सगळा बाजार खो खो हसला. निळू फणफणत घरी गेला आणि मासा कापायला बसला. खवले केसांत उडाले, सुरी बोटाला लागली आणि शेवटी पित्त फुटलं. कालवण कडूजहर झालं! पहिला घास तोंडात घेतला आणि पठ्ठ्याच्या डोक्यात उजेड पडला.

"अरेरे, मीसुद्धा बायांना अख्खा मासाच दिला की!"

मग तो आठवडाभर बाजारात मावशीशेजारी बसून राहिला, तोंडाला कुलूप लावून. बायांचे हात सारखे ओले. त्यांना टाइप करायला वेळ कुठला? म्हणून त्याने एकच मोठं बटण ठेवलं, दाबा आणि बोला. सर्व्हर त्यानेच निवडून दिला. किल्ली मोबाइलच सांभाळू लागला. नवी बाई जोडून घ्यायची, तर जुनीने आपला मोबाइल तिच्या मोबाइलसमोर धरायचा, झालं काम! निळूच्या लाडक्या वीस सोयी ॲपच्या मागच्या खोलीत गेल्या, ज्याला हव्यात त्याने उघडाव्यात. फार जिवावर आलं त्याला, पण केलं.

त्याचा मेहुणा कानाशी लागला. "आता ते खुले नियम सोडून दे. फक्त तुझंच ॲप चालेल असं कर. राजा होशील!"

"मग त्या कंपनीत आणि माझ्यात फरक काय राहिला?" निळू म्हणाला. खुले नियम त्याने सोडले नाहीत.

पुढे एका सकाळी वारा अचानक फिरला आणि होड्या पलीकडे लागल्या. पलीकडच्या धक्क्यावरचा म्हातारा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, दुसऱ्याच कुणाचं तरी ॲप वापरायचा. तो त्यात बोलला आणि अलीकडे साऱ्या बायांच्या कमरेला एकदम आवाज घुमला, "अगं बायांनो, इकडे या, इकडे! रावस आलाय!"

दलाल पोहोचेपर्यंत बायांच्या पाट्या भरल्यासुद्धा होत्या.

संध्याकाळी हिरूमावशी निळूच्या दारात उभी राहिली. हातात रावसाच्या तुकड्या होत्या. खवले काढलेले, पित्त अलगद उचललेलं.

"घे," ती म्हणाली. "आज शिकायचं नाही, नुसतं खायचं!"

तात्पर्य: चांगली वस्तू सगळ्यांसाठी खुली ठेवणं हे अर्धं पुण्य, ती प्रत्येकाला वापरता येईल अशी करून हातात देणं, हे उरलेलं अर्धं.