सोपानाचे बोरन्हाण

माळसांगवी हे चार आळ्यांचे गाव. गावाच्या उगवतीला ओढा, ओढ्याच्या काठी मारुतीचे देऊळ आणि देवळामागच्या पडवीत श्रीवामननाथ महाराजांचा मुक्काम. महाराज आले तेव्हा चार दिवस राहतो म्हणाले होते. राहिले सात वर्षे. शास्त्रचर्चेला त्यांच्याकडे कोणी येत नसे, कारण महाराज चर्चा करीतच नसत. येत त्या लेकुरवाळ्या. बारशाच्या दिवशी बाळाला महाराजांच्या मांडीवर ठेवायचे आणि त्यांच्या हातून कमरेला काळा करदोडा बांधून घ्यायचा, असा गावाचा रिवाज पडून गेला होता. गाठ मारल्यावर महाराज पुढे चांगला वीतभर दोरा मोकळा सोडत. म्हणत, "वाढीला जागा ठेवावी." त्या सात वर्षांतल्या एका संक्रांतीची ही हकीकत आहे. ऐकणाऱ्याने ती सावकाश ऐकावी.

कोष्टी आळीत धोंडू आणि सगुणा हे जोडपे राहत असे. लग्नाला नऊ वर्षे झाल्यावर, महाशिवरात्रीच्या आगेमागे, सगुणा बाळंत झाली. दोन दिवस अडली होती. बाळ आले ते निळेसावळे. रडले तेही बऱ्याच वेळाने, मांजराच्या पिलासारखे. त्याचे नाव सोपान ठेवले.

त्याच आठवड्यात पाटलांना मुलगा झाला, जयसिंग. पाटलांची आई चंद्राक्का. गावातली निम्मी पोरे तिनेच न्हाऊमाखू घातलेली, आणि तिचा शब्द बाळंतिणींमध्ये कायदा. तिचे एक गणित होते: "तिसऱ्यात मान, सहाव्यात बूड, आठव्यात गुडघे, वर्षाला पाय." जयसिंग या गणितात एक दिवसही चुकला नाही.

सगुणाने ते गणित पाठ केले होते. तिसरा महिना लागला तशी ती रोज सकाळी सोपानाला खांद्यावर घेई आणि मानेमागचा तळवा किंचित, फुंकर जाईल इतकाच, दूर नेई. मान मागे पडे. ती पुन्हा तळवा लावी. चौथ्या महिन्यात तेच, पाचव्यात तेच. सहाव्यात एकदा सोपानाने तिच्या हिरव्या बांगडीकडे पाहिले. तिने हात डावीकडे नेला, त्याचे डोळे डावीकडे गेले. उजवीकडे नेला, उजवीकडे गेले. तिने मागावरच्या धोंडूला हाक मारली. धोंडू धोटा तसाच ठेवून आला आणि दोघांनी मिळून ती बांगडी इतक्या वेळा फिरवली की पोर दमून झोपले. त्या दिवशी त्या घरात सण होता. जयसिंगचा करदोडा तोवर दोनदा बदलून झाला होता. सोपानाच्या करदोड्याची गाठ दोन बोटे सरकली होती.

दूध पाजणे हे सर्वांत अवघड. त्याला ओढता येत नसे. सगुणा दूध काढून बोंडल्याने थेंब थेंब तोंडात सोडी, आणि त्यातलाच एखादा थेंब भलतीकडे जाऊन श्वास कोंडे. उताणे ठेवले तर स्वतःच्या लाळेनेही तसेच होई. म्हणून जागेपणी सोपान सदा तिच्या हातावर असे. एका हाताने ती चूल करी, एका हाताने झाडी, एका हाताने धोंडूच्या मागाच्या सुताच्या कांड्या भरी.

पहिल्यांदा त्याचा श्वास कोंडला तो महाराजांच्याच पडवीत. महाराजांनी त्याला उचलले, डाव्या हातावर पालथे घेतले, हनुवटी बोटांत धरून डोके छातीपेक्षा खाली केले आणि उजव्या तळव्याच्या टाचेने दोन खांद्यांच्या मध्ये थापा मारल्या. दूध बाहेर आले, पोर रडले.

"आता तू करून दाखव," महाराज म्हणाले.

महाराजांनी तिच्याकडून ते तीनदा करून घेतले.

"नीट शिकून ठेव. हे तुझ्या एकटीच्या लेकराचं नाही," ते म्हणाले. तेव्हा तिला त्याचा अर्थ कळला नाही.

पाणवठ्यावर एकदा तशीच वेळ आली. सगुणा थापा मारू लागली तशी चंद्राक्का कळशी ठेवून म्हणाली, "अगं, धुण्याचा बोळा हाय का पोरगं? बडवतीस काय? ठसका लागला तर टाळूवर थापटावं, वर बघ वर बघ म्हणावं. एवढंबी ठावं न्हाई?"

"महाराजांनी शिकवलंय, अक्का."

"महाराजांनी किती पोरं वाढवली?" बायका हसल्या. "आणि हे काय पोरगं म्हणायचं? कोष्ट्याच्या घरी कापसाचं बोचकं जन्माला आलंय. धर तसं राहतंय."

सोपानाचा श्वास परत आला होता, सगुणाला तेवढे पुरे होते. घरी येईपर्यंत मात्र पदर डोळ्यांना लावावा लागला.

मग संक्रांत आली. पहिल्या संक्रांतीला बाळाला काळे झबले घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे, मध्ये बसवायचे आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. यालाच बोरन्हाण म्हणतात. पाटलांच्या अंगणात जयसिंगच्या बोरन्हाणाला सगळा गाव लोटला होता. महाराजांना ओट्यावर पाट मांडला होता. झबल्याचे कापड धोंडूच्या मागावरचे, म्हणून सगुणालाही बोलावणे होते. सोपानाला घेऊन ये, असा महाराजांचा निरोप होता. त्यालाही तिने उरलेल्या तुकड्याचे काळे झबले शिवले होते.

ती अंगणाच्या कडेला घोंगडीवर बसली. चंद्राक्काची नजर झबल्यावर गेली.

"ह्याचंबी बोरन्हाण करायचं व्हय गं?"

"मांडीवर घिऊन केलं तर चालंल का, अक्का? दोन बोरं पडली तरी झालं."

"बोरन्हाण बसत्या लेकराचं असतंय. अकरावा महिना लागला, ह्याला अजून मान न्हाई." आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात चंद्राक्का म्हणाली, "आडव्यावर फुलं टाकत्यात बाई, बोरं न्हाईत."

या वेळी मात्र कोणी हसले नाही. चंद्राक्काची सूनसुद्धा खाली पाहू लागली. सगुणाने सोपानाचे झबले नीट केले. ते नीटच होते. महाराजांनी ओट्यावरून सारे ऐकले. त्यांनी डोळे मिटून घेतले, एवढेच.

जयसिंगच्या डोक्यावरून पहिली पायली ओतली गेली. पोरे तुटून पडली. जयसिंगही दोन्ही हातांनी वेचू लागला, आणि गावठी बोर, बोटाच्या पेराएवढे, त्याने तोंडात टाकले. हे कोणाच्या लक्षात आले नाही. लक्षात आले तेव्हा तो तोंड उघडून बसला होता आणि आवाज येत नव्हता.

"ठसका लागला," कोणी म्हणाले. चंद्राक्काने नातवाला उचलले. टाळूवर थापटले. "वर बघ राजा, वर बघ." पोर वर बघेना. तिने तोंडात बोट घातले. बोर बोटाला लागले आणि आणखी आत सरकले. ओठ काळवंडू लागले.

सगुणाने अंगणाच्या कडेवरून तो रंग पाहिला. त्या गावात तो रंग तिच्याइतका कोणी पाहिलेला नव्हता. ठसका असता तर खोकला असता, रडणे असते. इथे आवाजच नव्हता. काय करायचे ते तिच्या हातांना ठाऊक होते. पण त्या हातांवर सोपान होता. शेजारची बाई केव्हाच उठून गर्दीत शिरली होती, धोंडू पार पलीकडे गडीमाणसांत होता. उताणे ठेवावे तर त्याचा श्वास कोंडणार, पालथे ठेवावे तर नाक घोंगडीत रुतणार.

ओट्यावरून महाराज म्हणाले, "सगुणा, त्याला बसव आणि जा."

"महाराज, मान न्हाई त्याला."

"बसव. मी बघतो आहे."

ओटा तिथून दहा पावलांवर होता आणि मध्ये माणसांची भिंत होती. महाराजांचा हात तिथवर पोहोचणार नव्हता. सगुणाने सोपानाच्या तोंडाकडे पाहिले. जन्मल्यापासून जागेपणी या पोराखालचा हात तिने कधी काढला नव्हता. तिने त्याला घोंगडीवर बसवले, त्याचे दोन्ही तळवे पुढे टेकवले आणि हात काढून घेतला. मागे वळून न पाहता ती गर्दीत घुसली.

चंद्राक्का पोर सोडीना. सगुणाने ते तिच्या हातातून ओढून घेतले, डाव्या हातावर पालथे घातले, हनुवटी धरली, डोके खाली केले. जयसिंग सोपानाच्या दुप्पट जड होता. एक थाप, दोन, तीन. चंद्राक्का ओरडली, "मारती का काय माझ्या पोराला." चार. पाचव्या थापेला बोर मातीत पडले आणि जयसिंगने असा टाहो फोडला की ओट्यावरची कबुतरे उडाली.

सगुणा वळली.

सोपान बसला होता. पाठ थोडी वाकलेली, तळवे घोंगडीवर टेकलेले, मान सरळ. डोळे तिच्या हातातल्या हिरव्या बांगडीवर. आजूबाजूला हातभर अंतरावर कोणी नव्हते. चंद्राक्काच्या सुनेने ते पाहिले, धोंडूने पाहिले, पाणवठ्यावर हसलेल्या बायकांनी पाहिले. सगुणा धावत आली. तिचा हात मानेमागे लागताच सोपान हळूच तिच्यावर कलंडला, आणि पुन्हा पूर्वीसारखा झाला. किती वेळ बसला, यावर पुढे गावात पुष्कळ वाद झाले. सगुणाला विचारले तर ती सांगे, "पाच थापा."

चंद्राक्का पायरीवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सगुणा पडवीत गेली. सोपानाला मांडीवर घेऊन तिने विचारले, "महाराज, पाच थापांपुरता बसला, तर जन्मभर का न्हाई?"



"मी जन्मभराचंच मागितलं होतं, बाई," महाराज म्हणाले. "मिळालं तेवढंच."

"मग ते तरी का मिळालं?"

"तू हात काढून घेतलास. तो हात रिकामा जाऊ नये एवढं देवानं पाहिलं. पुढचं मला दिसत नाही." आणि महाराजांनी सोपानाचा करदोडा बोटाने चाचपला, गाठीपुढचा मोकळा दोरा पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले.

चार दिवसांनी चंद्राक्का कोष्टी आळीत आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. क्षमेचा शब्द तिच्या तोंडाला सवयीचा नव्हता. म्हणाली, "बोरन्हाण रथसप्तमीपतोर चालतंय. त्या दिवशी ह्याला घिऊन ये. माझ्या मांडीवर करीन." आणि उत्तराची वाट न पाहता गेली. सगुणाने काळे झबले धुऊन दोरीवर टाकले.

रथसप्तमीला तीन दिवस उरले असताना सोपानाच्या छातीत कफ झाला. सगुणाने त्याला पालथे घेतले, थापा मारल्या. पण छातीतली घरघर थापांनी जाणारी नव्हती. महाराज येऊन उशाशी बसले. सकाळची उन्हे मागावर आली तेव्हा सोपानाचे डोळे बांगडीवर होते. सगुणाने हात उजवीकडे नेला. डोळे मागोमाग गेले. पुन्हा डावीकडे नेला. ते तिथेच राहिले.

आळी गोळा झाली. धोंडूने मागावरचे नवे पांढरे कापड कापले. सगुणा सोपानाला पुरे होईल इतके मोजून देत होती, आणि ते फारच थोडे होते. त्याच्या अंगावर काळे झबले घातले होते. कोणी शेवंतीची फुले आणली तेवढ्यात दारातली माणसे बाजूला झाली.

चंद्राक्का अनवाणी आली होती. ओच्यात बोरे होती. हंगाम सरत आलेला, बोरे सुरकुतलेली. पण एकेक धुऊन, पुसून, फोडून बिया काढलेल्या.

ती महाराजांपुढे वाकली. महाराज म्हणाले, "मला नाही. तिला विचार."

चंद्राक्का सगुणासमोर खाली बसली. "मी म्हणलं व्हतं, आडव्यावर बोरं टाकत न्हाईत. लेकी, मला टाकू दे."

सगुणाने मान हलवली. ती स्वतः मांडी घालून बसली, सोपानाला मांडीवर घेतले आणि रोजच्या सवयीने तळवा मानेमागे लावला. चंद्राक्काने बोरे ओतली नाहीत. एकेक घेऊन कपाळावर, खांद्यावर, तळव्यांत ठेवली. गावातल्या निम्म्या पोरांना न्हाऊ घातलेले ते हात, पण त्यांना ती बोरे नीट ठेवता येईनात. ती घरंगळत होती आणि चंद्राक्का पुन्हा वेचून ठेवत होती. उंबऱ्याशी सुनेच्या कडेवर जयसिंग होता. तो बोरांकडे हात करून हसला, आणि त्याला कोणी गप्प केले नाही.

ओचा रिकामा झाला. तेव्हा माळसांगवीच्या पाटलांच्या आईने, जिच्यापुढे गावातल्या सुना वाकत आल्या होत्या तिने, पदर पुढे घेतला आणि कोष्टिणीच्या मांडीवरच्या त्या एवढ्याशा पावलांवर डोके ठेवले. महाराज हात जोडून उभे होते. ती उठेपर्यंत ते तसेच उभे राहिले.