गुरुवार संपला कधी?

अरे ऐक ना, आज सकाळी आमच्या सोसायटीत काय झालं ते. चेअरमन धारपकाका म्हणजे पंचांगाचे एकदम पक्के. एकतीस डिसेंबरला बाराच्या ठोक्याला पोरं गच्चीवर नाचायला लागली, तर काकांनी गाणी बंद करायला लावली. म्हणाले, "आपला दिवस मध्यरात्री उगवत नाही रे, सूर्याबरोबर उगवतो." सगळे गुपचूप खाली.

आता वर्धापनदिनाला गाणाऱ्यांची नावं काकांनी मागवली होती, गुरुवारपर्यंत. आमच्या शेजारच्या केतकीला तिच्या आईचं नाव द्यायचं होतं. लग्नानंतर आई कधी स्टेजवर गायलीच नव्हती, आणि गुरुवारभर ती नाहीच म्हणत राहिली. आज पहाटे चहा गाळता गाळता स्वतःच गुणगुणली आणि हळूच म्हणाली, "दे जा माझं नाव." केतकी तशीच अनवाणी खाली धावली.

काका बागेत व्यायाम करत होते. आईचं नाव द्यायचंय, असं तिने सांगितल्यावर म्हणाले, "उशीर झाला गं. गुरुवार रात्री बारालाच संपला."

केतकीने पूर्वेकडे पाहिलं. नुसतं तांबडं फुटलं होतं.

"बाराला कसा संपेल, काका? आपला दिवस सूर्याबरोबर उगवतो, असं गच्चीवर तुम्हीच सांगितलंत ना? सूर्य तर अजून यायचाय."

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग आभाळ पाहिलं आणि घड्याळ बाहीखाली सरकवलं.

"आईचं नाव सांग पटकन," ते म्हणाले, "उजाडायच्या आत लिहून घेतो."

आता खरं सांग, काकांच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?