तीनशे तीस खण

“…मग आता शिकायचं उरलं काय, सर?”

मनाली इंगवलेने हे विचारलं तेव्हा मुजावर सर चहाचं आधण ठेवत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मिरजेतल्या त्या घरात मागची एक खोली सरांची होती. टेबल, जुना संगणक, दोन खुर्च्या, कोपऱ्यात गॅस. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात तीस वर्षं काम करून ते निवृत्त झाले होते. मनाली तीन वर्षं दर शनिवारी कोल्हापुराहून त्यांच्याकडे शिकायला येत होती. आज तिने स्वतः लिहिलेला फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर आणला होता. एक छोटी डिस्क सरांच्या संगणकाला जोडून तिने तो तिच्यावर चालू केला होता.

“काय करतो तो?”

“तुम्हाला माहीत आहे, सर.”

“मला आहे. तुझ्या तोंडून ऐकू दे.”

“डिस्कवर लाखो खण असतात. कुठली फाइल कुठल्या खणांत आहे, कुठले खण रिकामे आहेत, याची यादी तो ठेवतो. नवीन काही आलं की पहिल्या रिकाम्या खणात ठेवतो.”

“अजून?”

“दर तीस सेकंदांनी त्याच डिस्कवर स्वतःची नोंद लिहितो. ‘सर्व ठीक’ म्हणून. ही कल्पना माझी.”

“कोण वाचतं ती?”

“…कुणी नाही. पण असावी.”

सरांनी साखर घातली.

“चाचण्या?”

“चार हजार. सगळ्या पास.”

“काढल्या कुणी?”

“मीच.”

“म्हणजे पेपर तू काढलास, तूच सोडवलास, तूच तपासलास.” सर हसले. “आमच्या वेळी ही सोय नव्हती.”

मनालीही हसली, पण तिला ते लागलं. सरांच्या तोंडून एकदा ‘जमलं’ एवढं ऐकायचं होतं तिला. तीन वर्षांत ते तो शब्द बोलले नव्हते.

“तुमचं काहीही टाकून बघा यावर,” ती म्हणाली.

“माझं नको. तुझं टाक. चाचणीची फाइल नको. तुझं.”

मनालीने फोन काढला. थोडा वेळ तो नुसताच हातात धरला.

त्यात आईचं एक रेकॉर्डिंग होतं. अकरा मिनिटांचं. आई कधी थोडक्यात बोलायची नाही. ते पाठवल्यावर तीन आठवड्यांनी ती गेली. त्याला दीड वर्ष झालं होतं. मनालीने ते शेवटपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. दुसरीकडे कुठे ठेवलंही नव्हतं. ठेवायचं तर फोनमध्ये शोधून त्याचं नाव वाचावं लागलं असतं.

तिने फोन जोडला. रेकॉर्डिंग काही सेकंदांत डिस्कवर गेलं.

“फोनवर प्रत आहे ना?” सरांनी विचारलं.

“नाही. इकडे हलवलं. भरवसा असेल तर प्रत कशाला?”

सरांच्या हातातली गाळणी थांबली. थेंब कपाबाहेर पडला.

“…लाव.”

तिने लावलं.

“मनू, ऐकतेस का… कुकरची रिंग आणलीये मी. तुझ्याकडच्या कुकरला बसते का बघ. नाही बसली तर परत घ्यावी लागेल, असं त्या दुकानदाराला सांगून आलेय. तो म्हणतो, काकू, वापरलेली घेत नाही आम्ही. म्हटलं, अरे बाबा, लावून बघितल्याशिवाय कळणार कसं…”

सरांनी दोन कप टेबलावर ठेवले. आवाज कमी कर, असं ते म्हणाले नाहीत. काही वेळाने म्हणाले, “आता या फाइलचं नाव काढ.”

“म्हणजे… डिलीट?”

“चालू असतानाच.”

हा प्रश्न मनालीला ओळखीचा होता. पहिल्या वर्षीचा धडा. फाइल डिलीट केली की यादीतून फक्त तिचं नाव जातं. कुणी तिला वाचत बसलं असेल, तर त्याचं होईपर्यंत तिच्या खणांना रिकामं म्हणायचं नाही. शेवटचा वाचणारा उठला, की मग. तोवर नाव परत लावता येतं.

तिने आज्ञा लिहिली. बटण दाबलं.

नाव गेलं. आवाज चालू राहिला.

तिने सरांकडे पाहिलं. “बघितलंत?”

“रिकामे खण मोज.”

तिने आकडा मागवला. पडद्यावर आला. तिने मघाचा आकडा पाहिला, पुन्हा हा पाहिला.

तीनशे तीसने वाढला होता. रेकॉर्डिंगने व्यापले होते तेवढेच.

“सर…”

“बोल.”

“मी लगेच रिकामे लिहिले. कुणी वाचतंय का, ते… विचारलंच नाही कोडमध्ये.”

“आणि चाचण्या?”

“चाचणीत मी फाइल आधी बंद करायचे. मग डिलीट करायचे. नेहमी. चार हजार वेळा.”

आई बोलत होती. शेजारच्या काकूंच्या गुडघ्याबद्दल.

खण रिकामे झाले नव्हते. नुसते रिकामे म्हणून लिहिले गेले होते. पण आता डिस्कवर जे काही पहिलं येईल, ते आईच्या अंगावर बसणार होतं. आणि येणार काय, हे मनालीला माहीत होतं. दर तीस सेकंदांनी येणारं.

डिस्कचा छोटा हिरवा दिवा लुकलुकला. तो वाचताना लुकलुकतो. लिहितानाही.

तिचा हात कीबोर्डकडे गेला आणि वरच थांबला.

बंद करावं? बंद होताना ड्रायव्हर एक शेवटची नोंद लिहितो. तीही तिनेच घातली होती. दुसरीकडे कॉपी करावी? नाव तर आत्ताच काढलं. ते परत लावावं? तेही डिस्कवर लिहिणंच. ड्रायव्हर दुरुस्त करावा? त्यासाठी आधी तो बंद करावा लागेल. त्या डिस्कमधून बाहेर पडण्याच्या प्रत्येक नीट वाटेवर काही ना काही लिहिलं जात होतं. त्या सगळ्या वाटा तिच्याच हातच्या होत्या.

“सर, काहीतरी सांगा.”

सर डिस्कच्या दिव्याकडे पाहत होते.

पलीकडच्या गल्लीत कुणीतरी सतारीची एकच तार पुन्हा पुन्हा लावून बघत होतं. ती जरा चढली, उतरली… पुन्हा चढली.

दिवा लुकलुकला.

“सर, मी हात लावू का नको? …सर?”

मुजावर सरांनी हात लांब केला आणि डिस्कची वायर ओढून काढली.

चालू डिस्कची वायर अशी कधी ओढायची नाही, ही त्यांनी तिला शिकवलेली पहिली गोष्ट होती. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी ती लिहून घेतली होती.

दिवा विझला. आवाज मात्र थांबला नाही. संगणकाने पुढचं थोडं आधीच वाचून ठेवलं होतं.

“…आणि रविवारी आलीस तर कढीपत्ता घेऊन जा तोडून. फार माजलाय. मी एकटी किती वापरणार. मागच्या वेळी म्हणालीस पिशवी नाही, तर मी आता पिशव्या घडी घालून दाराच्या मागेच…”

जवळजवळ मिनिटभर ती बोलत राहिली. दोघांपैकी कुणी हललं नाही. मग एका शब्दाच्या मध्येच आवाज तुटला.

सरांनी डिस्क नॅपकिनमध्ये गुंडाळून तिच्यासमोर ठेवली.

“आहे यात?” मनालीने विचारलं.

“वायर काढली तेव्हा होतं.”

“सापडेल?”

सरांनी तिचा कप उचलला. चहा गार झाला होता. त्यांनी तो पुन्हा गॅसवर ठेवला.

मनाली पुढचे चार दिवस रोज आली. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो डिस्कवर काहीच लिहीत नव्हता, नुसता वाचत होता. एकेक खण. यादीवर विश्वास ठेवता येत नव्हता आणि नाव तर नव्हतंच. प्रत्येक खण उघडून, आत काय आहे त्यावरूनच ओळखायचा होता. सर बाजूच्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे. मध्ये एकदाच म्हणाले, “जेवून घे.”

चौथ्या दिवशी दुपारी तीनशे एकोणतीस खण जुळले. कुकरची रिंग आली. गुडघा आला. कढीपत्ता आला, आणि त्याच्या पुढचं, तिने कधी न ऐकलेलं, तेही आलं.

राहिला पहिला खण. तो डिस्कवर जिथे असायला हवा होता तिथे होता. तिने तो उघडला.

‘सर्व ठीक’, असं त्यात लिहिलेलं होतं.

दोन सेकंदांचा आवाज तेवढा गेला होता. रेकॉर्डिंग आता कुकरपासून सुरू होत होतं.

मनालीने दोन डिस्कवर दोन प्रती केल्या, दोन्ही उघडून तपासल्या.

निघताना ती दारात थांबली.

“सर, चूक तुम्हाला आधीच दिसली होती?”

“नाही.”

“मग वायर तशी ओढलीत कशी? सगळी डिस्क गेली असती.”

“गेली असती.”

“तरी?”

मुजावर सरांनी पेपरची घडी घातली.

“तू अजून ऐकत होतीस.”