पलीकडच्या काठाचा वाख

नदीकाठच्या एका गावात दोर वळणारी एक बाई राहत होती, आणि तिचं बोलणं कुणाला पटेल तर शपथ. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. मान द्यायचं, पण कान द्यायचं नाही. तीन वर्षं अक्का घसा कोरडा करून सांगत होती, की दरबाराकडून येणारा नावेचा दोर दरसाल बारीक होत चाललाय. पूर्वी त्याभोवती मूठ वळली तर बोटं जुळायची नाहीत. आता अंगठा बोटांवर चढून बसतो.

"अक्का, तुझी मूठच वाढली असेल," नावाडी म्हणायचा.

"माझी मूठ वाढली असती तर पहिल्यांदा तुझ्या पाठीला कळलं असतं," अक्का म्हणायची.

गावाला पूल नव्हता. या काठाच्या खुंटापासून त्या काठाच्या खुंटापर्यंत एक जाडजूड दोर बांधलेला असे, आणि तो हातांनी ओढत ओढत नावाडी नाव पार करी. बाजार या काठाला, वैद्य या काठाला, सुईणही याच काठाला. पलीकडे टोपल्या विणणाऱ्यांची बारा झोपड्यांची वाडी होती. वाडीच्याही मागं, डोंगराच्या अंगाला एक गाव होतं, तिथं अक्काची एकुलती एक लेक दिली होती. दोर होता म्हणून लेक महिन्या-दोन महिन्यांनी दिसायची.

हा दोर राजाच्या आज्यापासून दरबारातून यायचा. शिवाय पलीकडच्या काठावर दरबाराचा एक पहारेकरी असायचा. पुराचं पाणी चढू लागलं की दोर खालच्या खुंटावरून सोडून वरच्या खुंटाला बांधावा लागतो, नाहीतर वाहून येणारी झाडं त्यात अडकतात. या काठाला हे काम गावकरी करत, त्या काठाला पहारेकरी.

त्या साली उन्हाळ्यात दरबाराची गाडी आली. गाडीत दोर होता, पण अर्धाच. सोबत चिठ्ठी होती. पाटलांनी ती चावडीवर वाचून दाखवली. "खजिन्याला ओढ लागली आहे. यंदा दोर अर्धा मिळेल. पहारेकरी परत बोलावला आहे. प्रजेवर आमची माया मात्र पूर्वीसारखीच आहे."

माणसांनी दोर पसरून पाहिला. तो नदीच्या मध्यापर्यंत पुरला.

"चला, अर्धी नदी तरी झाली," पाटील म्हणाले.

"आणि तिथून पुढं काय, माया धरून जायचं?" अक्का म्हणाली.

कुणी म्हणालं, दरबारात जाऊन धरणं धरू. कुणी म्हणालं, थांबू, राजा काही आपल्याला वाऱ्यावर सोडायचा नाही. अक्काला थांबायला सवड नव्हती. लेकीला चौथा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणजे भर पावसाळ्यात पोटुशी पोर नावेतून आणायची. जुना दोर तोवर टिकणार नव्हता.

"राजा वाईट नाही," ती चावडीसमोर उभी राहून म्हणाली. "त्याचा रांजण आटलाय. आटलेल्या रांजणात तांब्या आपटून पाणी येत नाही, तांब्याला पोचा येतो. उरलेला अर्धा दोर आपण वळू."

पाटील मनानं चांगले होते, फक्त ते चांगुलपण चारचौघांत दिसावं एवढी त्यांची हौस. ते म्हणाले, "एवढं कशाला, मी एकटा घालतो की. खुंटाशेजारी वडिलांच्या नावाचा दगड बसवा, आणि नावेत आमच्या घरचे आधी बसतील. एवढंच."

"पाटील, तुमचं मन नदीपेक्षा रुंद आहे," अक्का म्हणाली, "पण तुमच्यामागं तुमची चार पोरं दोराचे चार तुकडे करतील, आणि गाव बसेल काठावर. तुम्ही द्या, पण सगळ्यांच्यासारखं द्या."

लोक हसले. पाटीलही हसले, कारण पोरं त्यांना ठाऊक होती.

मग अक्का दारोदार फिरली. घरटी अंबाडीच्या वाखाची, म्हणजे सालीच्या धाग्यांची, एक पेंडी, असं ठरलं. ज्याच्याकडं वाख नाही त्यानं येऊन पीळ द्यायचा. चावडीमागच्या पडवीला तिनं दोरघर असं नाव दिलं. कुंभारणीनं पेंडी आणली ती मातीनं माखलेली. सोनारानं आणली ती एवढीशी, की अक्का म्हणाली, "ही काय कानात घालायची?" तेव्हा तो निमूटपणे दुसरी घेऊन आला. पाटलांनी तीन पेंड्या दिल्या आणि पीळ द्यायलाही बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तळहाताला फोड आला. आल्यागेल्याला ते तो फोड दाखवत, आणि फुटला तेव्हा त्यांना वाईट वाटलं.

दोरघर भरत गेलं. एवढा वाख जमला की अक्कानं दोन लहान दोर वेगळे वळून ठेवले. कुणाचा पोहरा विहिरीत पडला, कुणाला पाळणा टांगायचा झाला, की तिथून न्यायचे आणि काम झालं की आणून ठेवायचे.

एक दिवस वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई नावेतून उतरली. डोक्यावर वाखाची पेंडी होती. तिनं ती दोरघराच्या उंबऱ्यावर ठेवली.

"बारा घरांचं मिळून आहे," ती म्हणाली.

अक्कानं तिच्याकडं पाहिलं. टाचा भेगाळलेल्या, लुगड्याला इतकी ठिगळं की मूळ लुगडं कुठलं ते सांगता येऊ नये.

"मावशी, हे राहू दे. तुमचंच तुम्हाला पुरत नाही."

"थोडं आहे म्हणून नको म्हणतेस?"

"तसं नव्हे गं. तुमच्याकडून घेतलं तर मला घास गोड लागायचा नाही. दोराचा घोर तुम्ही घेऊ नका. आम्ही आहोत ना? तुम्ही नुसतं नावेत बसायचं."

तिनं आत जाऊन दोन भाकऱ्या आणल्या, त्यावर चटणीचा गोळा ठेवला आणि म्हातारीच्या हातात दिल्या. भाकऱ्या म्हातारीनं पदरात बांधल्या, पेंडी पुन्हा डोक्यावर घेतली आणि नावेकडं चालू लागली. गावानं अक्काचं कौतुक केलं. अक्कानंही मनातल्या मनात स्वतःचं थोडं करून घेतलं.

पावसाळ्याच्या तोंडावर दोर तयार झाला. दरबाराचा अर्धा, गावाचा अर्धा, आणि गावाचा अर्धा जास्त जाड. तो बांधला त्या दिवशी वाडीतला एक गडी नावेत होता. नावाड्याला मदत म्हणून त्यानं दोराला हात घातला, तशी नावाडी खेकसला, "हात काढ. गावाचा दोर आहे."

गड्यानं हात काढला.

नागपंचमी झाली की लेक निघणार होती. सातवा सरून आठवा लागला होता. अक्कानं खोली सारवली, बाज कसून घेतली, सुईणीला सांगून ठेवलं. पण ज्या दिवशी लेकीची गाडी निघाली, त्याच दिवशी वर डोंगरात पाऊस कोसळला आणि दुपारपर्यंत नदी गढूळ होऊन फुगली.

या काठाला माणसं धावली. पाटील स्वतः गुडघाभर पाण्यात उभे राहिले. दोर सोडून वरच्या खुंटाला बांधला. पलीकडं आता पहारेकरी नव्हता, आणि त्याचं काम कुणावर सोपवायचं हे गावाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पाहिलं तर वाडीची माणसं खुंटाभोवती उभी. बायका, गडी, म्हातारी, सगळी. दोराकडं बघत होती, पण हात कुणी लावत नव्हतं.

"वर घ्या," अक्का ओरडत होती. "अहो, वर घ्या दोर." पाण्याच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येईना.

तेवढ्यात तिला त्या गर्दीमागं बैलगाडी दिसली. गाडीतून हिरव्या लुगड्यातली कुणीतरी वाकून वाकून उतरत होती, आणि दोघी बायकांनी तिला दोन्हीकडून धरलं होतं. कुठलीही आई नदीपलीकडून आपली लेक ओळखते, आणि लेकीच्या वाकण्यावरून वेळ आली की नाही तेही ओळखते.

मुळासकट उपटलेला एक उंबर वाहत आला. पलीकडच्या, खाली राहिलेल्या अंगाला दोरात अडकला. दोर एकदा ताणला, आणि तुटला.

चार दिवस नदी उतरली नाही. अक्का काठावरून हलली नाही. कुंभारीण जेवण आणून शेजारी ठेवायची आणि तसंच परत न्यायची. सोनार छत्री धरून बसायचा. त्याच्या दृष्टीनं तेही देणंच होतं.

पाचव्या दिवशी पाणी ओसरलं. नावाड्यानं लांब बांबू रोवत रोवत नाव कशीबशी पार केली. अक्का नाव टेकायच्या आधीच पाण्यात उतरली आणि वाडीकडं धावली.

म्हातारीच्या झोपडीत लेक निजलेली होती. शेगडी पेटलेली होती. नव्या टोपलीत, मऊ जुनेराच्या घड्यांवर, एक इवलीशी पोर तोंड वेडंवाकडं करून झोपली होती.

"आई, तुझ्यासारखीच रागीट आहे," लेक म्हणाली.

अक्का खाली बसली आणि मग तिला रडू आलं. लेकीनं सांगितलं ते असं. म्हातारीनं बाळंतपणातून सोडवलं. बारा घरांनी पाळी लावली. एका घरची पेज, एका घरचं ऊन पाणी, एका घरची जळणाची मोळी. आठवड्याचं जळण पाच दिवसांत संपवलं, पण शेगडी विझू दिली नाही.

"मावशी, तुझं हे मी जन्मात फेडू शकायची नाही," अक्का म्हणाली. "पण मला एक सांग. दोर वर का नाही घेतलात?"

"कुणाचा दोर?" म्हातारीनं विचारलं.

"आपला."

"आपला कधी झाला? तू म्हणालीस, आम्ही नुसतं बसायचं. तुझा नावाडी म्हणाला, हात काढ. आम्ही होतो की खुंटाशी. दोनदा हात गाठीपाशी गेला. मग वाटलं, सोडताना हातून निसटला तर तुम्हीच म्हणाल, परक्याच्या वस्तूला हात कशाला लावला. विचारायला यावं तर मधे नदी."

अक्कानं टोपली जवळ ओढून घेतली.

"राग नाही गं पोरी," म्हातारी म्हणाली. "तुझी लेक दारात आली, तिला काय विचारून घेतली? माणूस कुणाचं का असेना, आपलंच असतं. दोराचं तसं नसतं."

अक्का परतली तेव्हा चावडीवर गाव तापलेलं होतं.

"दिलं काही नाही, आणि वेळ आली तेव्हा उचललंही नाही," नावाडी म्हणत होता. "पुढच्या दोरावर वाडीला नावेत घ्यायचं नाही."

"फुकट मिळालं की किंमत नसते," सोनारानं मान हलवली.

"त्यांनी दिलं होतं," अक्का म्हणाली. "या उंबऱ्यावर आणून ठेवलं होतं. मी परत पाठवलं."

"ते दयेपोटी केलंस," पाटील म्हणाले.

"दयाच ती. पाटील, तुम्ही एकट्यानं दोर घालतो म्हणालात, तेव्हा मी चारचौघांत तुमची थट्टा केली. आणि मी काय वेगळं केलं? तुम्हाला दगडावर नाव पाहिजे होतं, मला लोकांच्या तोंडी. मला वाटलं, आपण देणारे आणि ते घेणारे. बारा घरांना मी दोन भाकऱ्यांत परकं करून टाकलं."

पाटील आपला तळहात बघत बसले.

दुसऱ्या दिवशी अक्का वाडीत गेली आणि पेंडी मागितली. "आता थोडीच उरलीय," म्हातारी म्हणाली. "थोडीच दे," अक्का म्हणाली. "पण दे."

"देऊ. मग त्या काठाला खुंट कुठं ठोकायचा ते आम्ही सांगू. तुमचा खुंट होता तिथं दर पुराला माती खचते. पहारेकऱ्याला तीनदा सांगितलं, त्यानं ऐकलं नाही."

वाडीनं दाखवलेल्या कातळाशी नवा खुंट ठोकला. दोर वाडीच्या अंगणातही वळला गेला, आणि वाडीचे गडी नावेत बसले की दोर त्यांच्या हाती देऊन नावाडी आता नुसता बसून राहायला शिकला. म्हातारी दोरघराच्या बैठकीला येते. तिथं ती सोनारापेक्षा जास्त बोलते आणि अक्कापेक्षा थोडं कमी.

पुढच्या साली दरबाराकडून पाव दोर आला. गावानं तो विहिरीला लावला, आणि राजाला आभाराची चिठ्ठी धाडली, की आमचीही माया पूर्वीसारखीच आहे.

तात्पर्य घ्यायचं तर एवढं घ्या: ज्याला नुसतं देता आणि ज्याच्याकडून काही घेत नाही, त्याला तुम्ही आपलं म्हणू नका, कारण तो तुमच्या कामाला आपलं म्हणणार नाही. आणि त्या साली दोर कुणी तोडला असं पोरांनी विचारलं, तर नदीला बोल लावू नका, राजाला लावू नका, वाडीला तर मुळीच लावू नका. ज्या बाईनं तो वळला तिनंच तो तोडला, आणि तिचं नाव हौसाक्का.